मोठीमायची वही

माझ्या मोठीमायला, म्हणजे वडिलांच्या आईला, जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाला आलेल्यांना वाटी-चमचा न देता तिच्या आयुष्याची छत्तीस पानी वही दिली, झेरॉक्स करून, स्पायरल लावून. तेव्हापासून नात्यातले विचारतायत, आमच्या आजीचं कसं करायचं? तर हे घ्या.

आजी हयात असेल तर ‘तुझं आयुष्य सांग’ असं तिला विचारू नका. मी विचारलं. म्हणाली, “काय सांगू माय, राबले आन् खाल्लं.” झालं, संपलं. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची भांडी खाली काढली. आपल्याकडं भांड्यावर नाव कोरायची पद्धत आहे, कुणी दिलं, कधी दिलं. एका तांब्याच्या घागरीवर ‘चि. सौ. का. कोंडाबाई’ असं होतं. घरात कोंडाबाई कोण? मोठीमायच! लग्नात नाव बदललं आणि इतक्या वर्षांत ते माहेरचं नाव कुणी उच्चारलं नव्हतं. ती घागर मांडीवर घेऊन ती दोन तास बोलली. म्हणून आधी भांडी उलटीपालटी करून बघा, मग पेटी, मग वाकळ. वाकळीत कुणाकुणाची लुगडी शिवलीत ते तिला ठिगळागणिक ठाऊक असतं.

जन्मतारीख आधार कार्डावरून घेऊ नका. आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस 1 जानेवारीला येतो, तो कार्ड काढणाऱ्याच्या सोयीनं. त्याऐवजी खुणेच्या गोष्टी विचारा. रझाकारात, म्हणजे निजामाच्या रझाकारांच्या धुमाकुळात, तू केवढी होतीस? मोठीमाय म्हणाली, परकर नेसायची, धाकट्या भावाला कडेवर घेऊन ज्वारीच्या रानात लपले होते. म्हणजे सप्टेंबर 1948 मध्ये आठ-नऊ वर्षांची, जन्म 1939-40 चा. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलीस तेव्हा कोणतं लेकरू अंगावर होतं? त्यावरून आत्याचं वय लागलं. किल्लारीच्या भूकंपाला, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, घरात कोण कोण झोपलं होतं? गणपती बुडवून आलेली माणसं होती, त्यामुळं ती यादी तिला पाठ होती. निजामाच्या वेळचा जुना कागद निघाला आणि त्यावर फसली साल (तेव्हाचं महसुली साल) असलं तर त्यात 590 मिळवा, इसवी सन साधारण लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘लेकरं किती?’ असं विचारू नका, ‘बाळंतपणं किती झाली?’ असं विचारा. आम्ही जन्मभर पाच लेकरं धरून चाललो होतो. मोठीमाय म्हणाली, सात. थोरला गोवरात गेला, चालायला लागला होता. एक पोरगी सटवी पुजायच्या आत गेली. दोघांना कुठं पुरलं ती बांधावरची जागा तिनं बोटानं दाखवली. माझे वडील, वय पासष्ट, दारात उभे राहून ऐकत होते. ते इतके दिवस स्वतःला थोरला समजत होते. त्या दिवशी रेकॉर्डिंग थांबवलं आणि चहा केला. तुम्हीही थांबवा.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात: पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर. माझा एक अख्खा दुपारभराचा तुकडा मध्येच आलेल्या फोननं गेला. त्यात जात्यावरच्या ओव्या होत्या. पुन्हा म्हण म्हटलं तर आठवेनात. जात्याचा खुंटा हातात दिला, नुसतंच फिरवलं, तेव्हा कुठं चार आल्या.

पदार्थ लिहायचे तर वजनकाटा जवळ ठेवा. येळवसाची, म्हणजे वेळा अमावास्येची, आंबील आमच्याकडं तिच्या हातचीच. पीठ किती? “मूठभर.” मग तिनं मूठ भरली की ती काट्यावर रिकामी करायची. 64 ग्रॅम भरली. माझी मूठ 80 ची, म्हणून माझी आंबील दाट व्हायची.

लिहिताना तिची भाषा सुधारू नका. ‘इचारलं’ला ‘विचारलं’ केलं की ती कुणी दुसरीच बाई होते. सासूनं तिला उपाशी ठेवलं होतं ते काकांनी काढायला सांगितलं. मी काढलं नाही, काकांना ते पान आधी वाचायला दिलं. दोन दिवस बोलले नाहीत, मग म्हणाले, राहू दे.

शेवटी चार पानं कोरी ठेवा आणि वहीसोबत पेन्सिल द्या. आत्यानं तिथंच पंगतीत बसून लिहिलं: ‘आंबील रात्री भिजवत नव्हती, सकाळी. आणि घागर मामानं दिली नाही, मावशीनं दिली.’