स्मारक नाणं घेण्याआधी ते परत कितीला जाईल, ते विचारा

सहकारी बँकेत कॅश काउंटरवर माझी सगळी नोकरी झाली. नाण्यांची ओढ तिथलीच. त्यामुळे आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुणी शंभर रुपयांचं स्मारक नाणं (एखाद्या व्यक्तीच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ सरकार काढतं ते) मागवायला निघालं, की आधी माझ्याकडे येतं. "काकू, पुढे भाव येईल ना याला?"

आधी त्यात चांदी किती, ते बघा. गेल्या कित्येक वर्षांतली १०० रुपयांची बहुतेक स्मारक नाणी ३५ ग्रॅम वजनाची आणि ४४ मिलिमीटर व्यासाची. चांदी त्यात निम्मीच. बाकी ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी. नव्या संसद भवनाचं २०२३ चं ७५ रुपयांचं नाणंही याच मापाचं. प्रत्येक नाण्याच्या सरकारी अधिसूचनेत वजन आणि मिश्रण छापलेलं असतं, ते वाचूनच हिशोब करा. त्या दिवसाच्या भावाने चांदीचे पैसे काढा आणि टांकसाळ ज्या किमतीला नाणं विकते (नाण्यावरच्या आकड्याला नव्हे) त्यातून वजा करा. जे उरतं ते घडणावळ, डबी आणि हौस यांचं. तेवढे पैसे परत करणारा गिऱ्हाईक मिळेलच असं नाही.

चांदीचे तरी मिळतील ना? इथे एक मोठी अडचण आहे. २०११ च्या नाणे कायद्याने सरकारी नाणं वितळवायला बंदी आहे. त्यामुळे लक्ष्मी रोडवरच्या सराफाकडे ते मोडीत घालता येत नाही. दुसरा संग्राहक किंवा डीलरच शोधावा लागतो. दिवाळीत आपण सराफाकडून घेतो ती लक्ष्मीची नाणी खरं तर पदकं. त्यांच्यावर रुपयाचा आकडा नसतो आणि ती बिनदिक्कत मोडता येतात. ज्याला फक्त चांदीत पैसे ठेवायचे आहेत, त्याला मी तीच घ्यायला सांगते, शुद्धतेचा शिक्का बघून.

तरीही स्मारक नाणं घ्यायचंच असेल, तर कर्वे रोडवर सोनल हॉलला कॉइनेक्स हे नाण्यांचं प्रदर्शन भरतं तिथे जा. पण तिथे किंमत विचारू नका. "असं नाणं माझ्याकडे आहे, विकलं तर काय द्याल?" असं विचारा, आणि तीन-चार टेबलांवर विचारा. डीलर ज्या भावाने विकतो आणि ज्या भावाने परत घेतो, त्यातली तफावत भरून निघेपर्यंत तुमचा एक रुपयाही नफा नाही. हा प्रश्न विचारायला लाजू नका, चांगले डीलर सरळ उत्तर देतात.

माझ्या मते नवख्याने १९६९ च्या गांधी शताब्दीच्या दहा रुपयांपासून सुरुवात करावी. १५ ग्रॅम वजन, ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम. ती लाखांनी पाडली आणि घरोघरी जपून ठेवली गेली, म्हणून अजूनही चांदीच्या भावाला धरून मिळतात. हौसेपोटी जादा मोजावं लागत नाही. आणि नाणं फार देखणं आहे! घेताना साधा डिजिटल काटा जवळ ठेवा, वजन तिथेच करा.

१९९९ चं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं मुलांसाठी जरूर जपा, पण ते चलनात भरपूर आलं होतं, त्यातून पैसा होणार नाही. वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणणारे आधी "नोंदणी शुल्क" मागतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच बजावलंय, की असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कसलंही कमिशन घेत नाही. असा फोन आला की बोलू नका, ठेवून द्या.

घरी आणल्यावर नाण्याला चिंच, पितांबरी, काहीही लावू नका. घासलेल्या नाण्याचा भाव उतरतो. प्रूफ नाण्याला (संग्राहकांसाठी खास पाडलेलं, आरशासारखं चकचकीत) तर बोटही नको, धरायचं ते कडेनेच. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात काही वर्षांनी हिरवा चिकट थर येतो, म्हणून कडक कॅप्सूल घ्या आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका.

टांकसाळीच्या संकेतस्थळावर नोंदणी ठरावीक मुदतीतच चालते, आणि नाणं हातात यायला महिने लागू शकतात. आलं की डबी, माहितीपत्रक आणि पावती एकत्र ठेवा. सुट्या नाण्याला डीलर कमी देतो.