पहिल्या पावसानंतरची रानवनस्पती आणि मातीत मुरलेली जुनी विषे

पावसाला सुरुवात झाली की पडीक जमिनीवर, बांधांवर आणि ओढ्याकाठी रानटी रोपे पंधरवड्यातच वर येतात. याच दिवसांत जनावरे मोकळी चरायला सोडली जातात, उपटलेले तण गोठ्यात पडते आणि रानभाज्यांची खुडणी सुरू होते. या वनस्पतींवर कोणी फवारणी केलेली नसते, म्हणून त्या शुद्धच असणार असे आपण धरून चालतो. बहुतेक ठिकाणी ते खरेही असते. मात्र ज्या जमिनीत दीर्घस्थायी सेंद्रिय प्रदूषके मुरली आहेत, तेथे ही समजूत धोक्याची ठरते.

येथे ‘सेंद्रिय’ हा शब्द सेंद्रिय शेतीच्या अर्थाने घेऊ नये. ही कार्बनची संयुगे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. डीडीटी, डायलड्रिन, बीएचसी, लिंडेन, एन्डोसल्फान ही जुनी कीटकनाशके, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातील पीसीबी आणि कचरा जाळताना तयार होणारी डायॉक्सिने या गटात मोडतात. २००१ साली स्वीकारलेला आणि २००४ पासून लागू झालेला स्टॉकहोम हा आंतरराष्ट्रीय करार यांच्यावर नियंत्रण आणतो. आरंभी त्यात १२ रसायने होती, पुढे लिंडेन २००९ मध्ये आणि एन्डोसल्फान २०११ मध्ये त्या यादीत आले. बंदी आली तरी मातीतला साठा लगेच संपत नाही. डीडीटी निम्मे होण्यास कित्येक वर्षे लागतात आणि त्यापासून बनणारे डीडीई तर त्याहून चिवट असते.

ही रसायने वनस्पतीत शिरतात तरी कशी, हे समजले की कोणती काळजी घ्यावी हे आपोआप उलगडते. यांतील बहुतेक रसायनांना पाणी नकोसे आणि स्निग्ध पदार्थ हवेसे असतात. तेलासारखा द्रव आणि पाणी एकत्र ठेवले तर डीडीटी पाण्याच्या तुलनेत दहा लाख पटींहून अधिक प्रमाणात तेलाकडे जाते. त्यामुळे मातीतील पाण्यावाटे ते मुळाशी पोहोचले तरी मुळाच्या सालीतील मेदयुक्त थरात अडकून पडते आणि रसवाहिन्यांतून वर पानांपर्यंत क्वचितच चढते. याच कारणाने दूषित जमिनीतील कंदमुळांची साल हा सर्वांत संशयास्पद भाग समजावा. याउलट पाण्यात मध्यम प्रमाणात विरघळणारी रसायने मुळाचा अडथळा पार करून बाष्पोत्सर्जनाच्या (पानांतून पाणी वाफ होऊन जाण्याच्या) प्रवाहाबरोबर पानांत पोहोचतात. न चिकटणारी भांडी आणि आग विझवण्याचा फेस यांच्याशी संबंधित फ्लोरिनयुक्त रसायने तर निराळीच वागतात: त्यांतील लहान साखळीची रसायने पाने व फळांत साठतात, तर लांब साखळीची अधिककरून मुळांत राहतात. सांडपाण्याचा गाळ खत म्हणून टाकलेल्या जमिनीत हा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा.

स्निग्धप्रिय रसायने मुळाच्या सालीतच अडकतात, या नियमाला भोपळावर्गाचा मोठा अपवाद आहे. लाल भोपळा आणि झुकिनी यांच्या काही जाती डीडीई व डायलड्रिन मुळांतून उचलून थेट खोडात, पानांत आणि फळांत नेतात, कारण त्यांच्या रसातील काही प्रथिने या स्निग्धप्रिय रेणूंना बांधून वर वाहून नेतात. म्हणूनच जुन्या कीटकनाशकांच्या गोदामाजवळ किंवा औषध कालवण्याच्या जागी आपोआप उगवलेला भोपळ्याचा वेल कितीही जोमदार दिसला, तरी त्याचे फळ, फूल किंवा पाला वापरू नये. असा वेल उपटला तर तो कंपोस्टच्या खड्ड्यातही टाकू नये, कारण कंपोस्ट करून ही रसायने नष्ट होतीलच असा भरवसा नाही.

पानांचा मार्ग मुळांपेक्षा वेगळा आहे आणि अनेक रानवनस्पतींच्या बाबतीत तोच मुख्य असतो. पानावरील मेणाचा थर हवेतील वाफरूप प्रदूषके शोषून घेतो. उन्हाने तापलेल्या दूषित मातीतून निघालेली वाफही जमिनीलगतच्या पानांना लागते. अधिक जड रसायने धुळीच्या आणि काजळीच्या कणांबरोबर पानांवर बसतात. मेण जास्त, लव दाट आणि पान दीर्घकाळ टिकणारे असेल तर साठाही मोठा होतो. दगडफुलाला मुळेच नसतात. ते जवळजवळ सर्व काही हवेतून घेते, म्हणून हवेच्या प्रदूषणाचा माग काढण्यासाठी शास्त्रज्ञ त्याचा उपयोग करतात. भराभर वाढणाऱ्या कोवळ्या पाल्यात प्रमाण तुलनेने कमी आढळते, कारण वाढीबरोबर रसायन विरळ होत जाते आणि पानाला हवेत राहण्यास वेळही कमी मिळालेला असतो. पाला धुतल्याने माती व धूळ निघते, म्हणून धुणे आवश्यकच आहे. परंतु मेणात मुरलेले रसायन पाण्याने निघत नाही.

तिसरा मार्ग सर्वांत साधा आणि, माझ्या मते, सर्वाधिक दुर्लक्षित आहे. पावसाच्या थेंबांनी उडालेली माती खालच्या पानांना चिकटते आणि जनावर चाऱ्याबरोबर तीही गिळते. कुरण विरळ असेल तर कोरड्या आहाराच्या १० टक्क्यांहून अधिक भाग मातीचा असू शकतो. गिळलेली रसायने चरबीत साठतात आणि दुधाच्या स्निग्धांशातून बाहेर येतात. उकिरडा उकरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांतही ती याच वाटेने पोहोचतात. त्यामुळे संशयित जमिनीवर गवत दाट होईपर्यंत चराई थांबवावी, चारा चार बोटे उंची राखून कापावा आणि कचरा जाळण्याच्या जागेभोवती कोंबड्या फिरू देऊ नयेत.

मार्टिनिक व ग्वाडेलूप या कॅरिबियन बेटांचा अनुभव येथे उपयोगी आहे. तेथे १९७२ ते १९९३ या काळात केळीवरील सोंडकिडीसाठी क्लोरडेकोन हे कीटकनाशक वापरले गेले आणि त्याचे अंश आजही मातीत आहेत. तेथील दूषित जमिनीत कंदवर्गीय पिके टाळली जातात, तसेच दूषित कुरणावर चरलेल्या गुरांना मांसासाठी देण्यापूर्वी काही काळ स्वच्छ चाऱ्यावर ठेवले जाते. चारा बदलल्यावर क्लोरडेकोन तुलनेने लवकर उतरते, इतर काही रसायने मात्र फार सावकाश उतरतात. म्हणून जनावर दूषित जागी न सोडणे हाच अधिक भरवशाचा उपाय आहे.

आपल्या जमिनीविषयी शंका असेल तर आधी तिचा इतिहास विचारावा. औषधाचा साठा कोठे होता, फवारणी पंप कोठे धुतले जात, प्लास्टिक कोठे जाळले जाई, हे घरातील वडीलधाऱ्या माणसांना नेमके आठवते. अशा जागांतून मातीचे नमुने वेगळे घ्यावेत. संपूर्ण शेताच्या मिश्र नमुन्यात लहानसा विषारी तुकडा लपून जातो. वरच्या १५ सेंटिमीटर थरातील माती प्लास्टिकच्या पिशवीऐवजी काचेच्या स्वच्छ बरणीत भरावी आणि नेहमीच्या नत्र-स्फुरद-पालाश तपासणीत ही रसायने दिसत नसल्याने कीटकनाशक अंशांची तपासणी स्पष्टपणे मागावी. निकाल येईपर्यंत त्या जागेवरील पाला खुडू नये. चांगले कुजलेले सेंद्रिय खत मिसळल्यास रसायने मातीला अधिक घट्ट धरून राहतात आणि मुळांना कमी मिळतात, परंतु ती नाहीशी होत नाहीत. जुन्या औषधांच्या बाटल्या सापडल्या तर त्या पुरू किंवा जाळू नयेत. झाकण न उघडता, पाऊस व मुले पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवून कृषी विभागाला कळवावे.