तैलरंगात हुबेहूब चेहरा: डोळ्यांची घाई नको

बेळगावला व्यक्तिचित्रणाची मोठी परंपरा आहे. के. बी. कुलकर्णी मास्तरांनी इथेच शिष्य घडवले. १९३५ साली बेळगावात जन्मलेले चित्रकार रवी परांजपे त्यांतलेच. या वाटेनं जायचं असेल तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: साम्य नाकडोळ्यांत नसतं, ते सावल्यांच्या आकारात असतं.

पहिल्या चित्रासाठी घरातल्या आजोबांना बसवा. लहान मुलाचा गुळगुळीत चेहरा फार अवघड. सुरकुतलेल्या चेहऱ्यावर उजेड-सावली आपोआप उलगडते. उत्तरेकडची एकच खिडकी उघडी ठेवा, म्हणजे दिवसभर उजेड फारसा बदलत नाही.

बारा बाय सोळा इंचांचा, प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा लेप) लावलेला कॅनव्हास घ्या. रंग सहा पुरे: टिटॅनियम व्हाईट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, कॅडमियम रेड, अल्ट्रामरीन ब्लू. टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेला अंबर कॅनव्हासभर लावून फडक्यानं पुसा. त्यावरच ब्रशनं डोक्याचा आकार बसवा. डोळ्यांची रेषा डोक्याच्या साधारण मध्यावर येते. आजोबांच्या डोक्यावर गांधी टोपी असेल तर इथेच फसगत होते. टोपीखालची कवटी दिसत नाही, मग कपाळ आखूड होतं आणि डोळे वर सरकतात. म्हणून आधी टोपीविना डोकं काढा, टोपी नंतर चढवा.

आता डोळे किलकिले करून बघा. बारकावे विरघळतात, उरतो फक्त उजेड आणि अंधार. डोळ्यांची खोबणी, नाकाची बाजू, हनुवटीखालचा भाग हे सगळं एकाच सावलीत जोडलेलं दिसेल. ती सावली अंबरनं सलग भरा. पापण्या, भुवया, ओठ यांना अजून हात लावायचा नाही. चित्र आरशात बघा; वाकडेपणा लगेच कळतो. या पायरीवर आजोबा ओळखू आले नाहीत तर पुढं जाऊ नका, पुसा आणि पुन्हा मांडा.

रंग सावलीपासून सुरू करा. उन्हातान्हात रापलेल्या त्वचेची सावली काळी नसते. खानापूरच्या कौलासारखी तांबूस असते. सिएनात थोडा अल्ट्रामरीन मिसळला की ती मिळते. उजेडाच्या भागाला ऑकर, लाल आणि पांढरा. पांढरा जास्त झाला की चेहरा खडूसारखा दिसतो. कपाळावरची चमक मात्र खिडकीतल्या आभाळाची असते, तिला किंचित निळसर छटा द्या. पांढऱ्या टोपीची सावलीतली बाजूही राखाडीच.

खालचे थर पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढं तडे जातात. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि दमट हवेत हे सावकाश होतं, त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळ्यात वाळायला जास्त दिवस धरा. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवून ठेवा किंवा पसरून वाळवा.

डोळे शेवटी. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग करडा रंगवा, वरच्या पापणीची सावली त्यावर पाडा आणि चमकेचा एकच ठिपका द्या. व्हार्निश सहा महिन्यांनी. तोवर चित्र अंधाऱ्या खोलीत ठेवू नका, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. थेट ऊन न येणारी उजेडाची भिंत निवडा.