पश्चात्ताप, विश्वास आणि आज्ञापालन : या चुका टाळा

नवापूर-चिंचपाड्यापासून भुसावळच्या रेल्वे कॉलनीपर्यंत खान्देशात कुठेही बाप्तिस्म्याच्या तयारीचा वर्ग सुरू झाला की कुणीतरी विचारतंच : आधी काय? पश्चात्ताप, विश्वास की आज्ञापालन? इथे गाडी चुकीच्या रुळावर गेली, तर माणूस वर्षानुवर्षं मंडळीत (चर्चमध्ये) येतो आणि तरीही आपलं तारण झालं की नाही या धाकातच राहतो.

"आधी सुधारतो, मग येतो"

सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. "आधी मोहाची दारू सुटू दे भाऊ, मग बाप्तिस्म्याचं बघू." ऐकायला नम्र वाटतं, पण आतला हिशेब असा असतो की मी लायक झालो तरच देव मला घेईल. लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातल्या येशूच्या दाखल्यात बापाची मालमत्ता उधळून बसलेला धाकटा मुलगा डुकरं राखता राखता उठून घराकडे निघाला. बापाला सांगायचं बोलणं त्यानं मनाशी जुळवून ठेवलं होतं. पण तो दूर असतानाच बाप धावत आला आणि "मला चाकरासारखं ठेवा" हे शेवटचं वाक्य त्याच्या तोंडातून निघालंच नाही. अंगरखा आणि अंगठी त्याला आधी मिळाली. घरात नीट वागण्याचे दिवस पुढेच होते.

म्हणून दारू पिणाऱ्याला "सोड, मग ये" असं सांगू नका. "ये, आपण मिळून सोडवू" असं सांगा. (आणि वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला केवळ प्रार्थनेच्या जोरावर एका रात्रीत बंद करायला लावू नका. अचानक सोडणं जिवावर बेतू शकतं. त्याला डॉक्टरकडे नेणं म्हणजे अविश्वास नव्हे.)

रडू आलं म्हणजे पश्चात्ताप झाला

कन्व्हेन्शनच्या (मंडळीच्या मोठ्या मेळाव्याच्या) मांडवात शेवटच्या रात्री पुष्कळ जण रडतात. रडू द्यावं. पण येशूला धरलं त्या रात्रीचे दोन शिष्य आठवा. येशूला पैशासाठी धरून देणाऱ्या यहूदाला पस्तावा झाला, "मी पाप केलं" असं तो याजकांपुढे म्हणाला, त्याबद्दल मिळालेली चांदीची 30 नाणीही मंदिरात टाकून आला आणि मग त्यानं गळफास घेतला. "मी येशूला ओळखत नाही" असं म्हणालेला पेत्र नुसताच रडला. कबुली आणि परतफेड मोजली तर यहूदाच पुढे निघतो! फरक एवढाच की पेत्र पुन्हा येशूकडे गेला. विश्वासाशिवाय उरलेला पस्तावा माणसाला निराशेत ढकलतो. उलट बाजूनं याकोब नव्या करारातल्या आपल्या पत्रात बजावतो की देव एकच आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात.

मार्क 1:15 मध्ये येशू दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो : पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा. पापाकडे पाठ फिरली की तोंड आपोआप देवाकडे होतं, वळणं एकच. कुणाला आधी पापाची टोचणी लागते, कुणाला आधी देवाची माया कळते. मंडळीपुढे आपल्या विश्वासाची साक्ष देताना दुसऱ्याचा क्रम उसना घेऊ नये.

"प्रभूनं माफ केलं" आणि हिशेब तसाच

जक्कय या जकातदाराच्या घरी येशू आधी गेला, हिशेब नंतर निघाला : अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत. नियमशास्त्रात चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरं द्यायची होती, तोच दर त्यानं स्वतःला लावला. आता आपल्याकडचं पाहा. मुकादमानं मजुरांच्या टोळीच्या उचलीच्या (आगाऊ रकमेच्या) हिशेबात गडबड केली, कुणी कापसाच्या वजनात मारलं, कुणी बहिणीला न सांगता सातबाऱ्यावरून तिचं नाव उडवलं. अशा माणसानं पुढे उभं राहून साक्ष द्यायची आणि फसवलेल्यानं मागच्या बाकावर बसून "हालेलुया" म्हणायचं? माझ्या मते साक्ष थांबावी, आधी पैसे परत जावेत. परतफेडीनं क्षमा विकत मिळत नाही. पण देता येत असूनही जो देत नाही, तो अजून वळलेलाच नाही.

पौल विरुद्ध याकोब

प्रेषित पौल म्हणतो तारण विश्वासानं, याकोब म्हणतो कृतीशिवाय विश्वास मेलेला. हे भांडण आपण लावतो. दोघेही अब्राहामाचाच दाखला देतात. त्यानं विश्वास ठेवला ते उत्पत्तीच्या 15व्या अध्यायात, इसहाकाला घेऊन डोंगर चढला ते 22व्या अध्यायात, मध्ये कितीतरी वर्षं गेली. पौल पहिल्यावर जोर देतो, याकोब दुसऱ्यावर. "कृपेनं, कृत्यांनी नव्हे" सांगणारं इफिसकरांस 2:8-9 पाठ असणाऱ्यांनी 10वं वचनही पाठ करावं. सत्कृत्यं तिथेच आहेत.

मंडळीची यादी म्हणजेच देवाची आज्ञा

भाऊबंदांत कानबाईचा (खान्देशातल्या देवीचा) रोट खाल्ला का, लग्नात हळद लावली का, यावर वडीलजनांच्या बैठका रंगतात. प्रश्न खरे आहेत. करिंथकरांस लिहिताना पौलानंही मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा प्रश्न टाळला नाही, पण नुसता नियम न लावता त्यानं दुर्बळ भावाच्या विवेकाचा विचार केला. तीच बैठक मजुराच्या थकलेल्या मजुरीबद्दल कधी भरत नाही, हे मला खटकतं. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं याकोबाच्या 5व्या अध्यायात लिहिलं आहे.

पुन्हा पडलो, म्हणजे सगळं खोटं होतं

होळीत पुन्हा प्यायला आणि तोंड लपवून उपासनेला येणंच बंद केलं, असं घडतं. दुसऱ्या बाप्तिस्म्याची गरज नाही. 1517 साली धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं मांडलेल्या 95 प्रबंधांतला (मुद्द्यांतला) पहिलाच म्हणतो की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. म्हणून येत्या रविवारची वाट पाहू नका. आजच पाळकांना गाठा आणि नशेत बायकोला काही बोलला असाल, तर त्याआधी तिच्याशी बोला.