घरबसल्या फारसी : सुरुवातीचा हुरूप आणि त्यानंतरचे महिने

फारसी शिकायला घेणाऱ्या मराठी माणसाचे पहिले काही आठवडे फार सुखाचे जातात. कागद, बाजार, दरवाजा, पोशाख, शिफारस, गुन्हा, हप्ता अशी ओळखीची मंडळी धड्याधड्यांतून भेटत राहतात आणि ही भाषा आपल्याला निम्मी येतेच आहे असे वाटू लागते. नोकरी सांभाळून, शिक्षकावाचून फारसी शिकताना मी जे पाहिले त्यावरून सांगतो, की लिपीपाशी किंवा व्याकरणापाशी सोडून देणारे फार थोडे असतात. घोडे अडते ते ही ओळखीच्या शब्दांची शिदोरी संपल्यावर, साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. त्या काळाची तरतूद पहिल्याच दिवशी करून ठेवावी, एवढ्यासाठीच हा अनुभव लिहितो आहे.

ही तरतूद म्हणजे आपल्याला कोणती फारसी हवी आहे आणि ती कशासाठी हवी आहे, हे ठरवणे. तेहरानच्या रस्त्यावरची बोली, सादी-हाफिजांची काव्यभाषा आणि दख्खनच्या दफ्तरांतली फारसी यांचे व्याकरण मूलतः एकच असले, तरी शिकणाऱ्याच्या वेळापत्रकात त्यांच्या वाटा लवकरच फुटतात. आजचा इराणी माणूस बोलताना ‘नान’ला ‘नून’ म्हणतो, ‘खाने’ म्हणजे घर त्याच्या तोंडी ‘खूने’ होते आणि ‘मी-रवम’ म्हणजे ‘मी जातो’ हे आक्रसून ‘मीरम’ एवढेच उरते. उलट हिंदुस्थानातल्या जुन्या वाचनपरंपरेत ‘शेर’ म्हणजे सिंह आणि ‘शीर’ म्हणजे दूध हे उच्चार वेगळे ठेवले जात; इराणात आज दोन्हींचा उच्चार ‘शीर’ असाच होतो. ज्याला इराणी चित्रपट समजून घ्यायचे आहेत त्याने कानापासून सुरुवात करावी आणि ज्याला फर्माने वाचायची आहेत त्याने डोळ्यांपासून. दोन्ही एकदम धरणाऱ्याचे एकही पुरे होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मला मराठेशाहीच्या काळातला पत्रव्यवहार मुळातून वाचायचा होता, म्हणून पुढचे सगळे त्याच बाजूने लिहिले आहे.

लिपीची भीती लोक उगाच बाळगतात. अक्षरे बत्तीस; त्यांतली अठ्ठावीस अरबीतून आलेली आणि पे, चे, झे, गाफ ही चार फारसीने आपल्या ध्वनींसाठी घातलेली. त्यांतली सात अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत, ती आधी पाठ करावीत म्हणजे शब्द कुठे तुटला आणि कुठे नुसता सुटा दिसतो हा गोंधळ होत नाही. खरी अडचण दुसरीच आहे : ऱ्हस्व स्वर लिहिलेच जात नाहीत, शिवाय ‘ज’सारख्या एका ध्वनीला चार आणि ‘स’ला तीन अक्षरे आहेत. त्यामुळे शब्द ऐकून लिहिता येत नाही आणि लिहिलेला नेमका उच्चारता येत नाही. यावर मला लागू पडलेला उपाय जुनाच आहे, तो म्हणजे हाताने नक्कल करणे. फोनवरची कार्डे उलटण्यापेक्षा वहीत एक उतारा मोठ्याने म्हणत उतरवून काढल्याने अक्षरे कितीतरी पक्की बसतात.

व्याकरणात मराठी माणसाला बरीच सूट मिळते. क्रियापद आपल्यासारखेच वाक्याच्या शेवटी येते, नामांना लिंग नाही आणि नामे मराठीसारखी विभक्तीत चालवावी लागत नाहीत. ‘मुगल-ए-आझम’मधला ‘ए’ हा विशेष्याला विशेषणाशी आणि वस्तूला तिच्या मालकाशी जोडतो. मात्र तो बहुधा लिहिला जात नसल्याने वाचताना स्वतःच पुरवावा लागतो. ‘जमीन खुर्दन’ म्हणजे जमीन खाणे, अर्थात पडणे, हे वाचून परदेशी विद्यार्थी चक्रावत असेल. मार खाणाऱ्या आणि हाय खाणाऱ्या मराठी माणसाला त्यात काही विशेष वाटत नाही.

कस लागतो तो क्रियापदांच्या धातूंपाशी. शब्दकोशात क्रियापद ‘-अन’ने संपणाऱ्या मूळ रूपाखाली असते, पण वाचताना समोर येते ते वर्तमानकाळाच्या वेगळ्याच धातूपासून बनलेले रूप. ‘रफ्तन’ म्हणजे जाणे, त्याचा वर्तमान धातू ‘रव’. ‘दीदन’ म्हणजे पाहणे, त्याचा ‘बीन’. हे कोष्टक कोरडेपणाने पाठ करणे कंटाळवाणे होते. मला त्यातून वाट सापडली ती मराठी समासांमध्ये. दुर्बिणीच्या पोटात ‘दीदन’चा ‘बीन’ आहे, फडणीस आणि चिटणीस यांच्या शेपटीला ‘नविश्तन’ म्हणजे लिहिणे याचा ‘नवीस’ आहे, चुगलखोराला ‘खुर्दन’चा ‘खोर’ चिकटला आहे, जमीनदारात ‘दाश्तन’चा ‘दार’ आणि दगाबाजात ‘बाख्तन’चा ‘बाज’ आहे. अशी स्वतःची यादी ज्याने त्याने करावी. छापील यादीपेक्षा ती डोक्यात जास्त टिकते.

आता त्या तिसऱ्या-चौथ्या महिन्याकडे येतो. धडे संपत आलेले असतात, साधी वाक्ये जमतात, आणि मोठ्या अपेक्षेने एखादा खरा मजकूर उघडावा तर पहिल्या ओळीतच पाय रुततो. कारण उघड आहे. आपल्या ओळखीचे शब्द बहुतेक नामे होती. वाक्य पेलणारी क्रियापदे, उपसर्ग आणि जोडशब्द अनोळखी असतात, आणि त्यात अरबी अनेकवचनांची भर पडते. ‘किताब’चे ‘कुतुब’ आणि ‘हुक्म’चे ‘अहकाम’ होते हे माहीत नसेल तर ओळखीचा शब्दही ओळख दाखवत नाही. या वेळी पुढचा धडा घेण्यापेक्षा ज्याचा आशय आपल्याला आधीच माहीत आहे असा छोटा मजकूर घ्यावा आणि त्याच्यावर बसून राहावे.

सादीचे ‘गुलिस्तान’ इसवी सन 1258 मधले आहे आणि हिंदुस्थानात शतकानुशतके मुलांना फारसीचे पहिले पुस्तक म्हणून तेच दिले जाई. त्याच्या अगदी आरंभी एक वाक्य आहे : ‘हर नफसी के फुरू मी-रवद मुमिद्द-ए-हयात अस्त, व चून बर मी-आयद मुफर्रिह-ए-जात.’ आत जाणारा प्रत्येक श्वास आयुष्य वाढवतो आणि बाहेर येणारा जिवाला सुखावतो, असा त्याचा भाव. या एका वाक्यात ‘रफ्तन’ आणि ‘आमदन’ हे दोन्ही धातू वर्तमानरूपात भेटतात, ‘फुरू’ म्हणजे खाली आणि ‘बर’ म्हणजे वर हे उपसर्ग भेटतात, दोनदा तो न लिहिलेला ‘ए’ भेटतो आणि ‘अस्त’ एकदाच सांगून दुसऱ्यांदा गाळला आहे हेही दिसते. दिवसाला असे एकच वाक्य सोडवावे, दुसऱ्या दिवशी ते न पाहता म्हणावे आणि मग पुढे जावे. काव्य आवडणाऱ्यांसाठी ‘गंजूर’ हे संकेतस्थळ आहे. तिथे अभिजात फारसी कविता आणि पुष्कळ ठिकाणी तिचे ध्वनिमुद्रित वाचनही मिळते.

इतिहासाची ओढ असणाऱ्यांची सोय मराठीत याहून चांगली आहे, आणि हे अनेकांना ठाऊकच नसते. गणेश हरी खरे यांनी संपादित केलेले ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने खंडशः प्रसिद्ध केले. त्यात मूळ फारसी कागद आणि त्यांचे मराठी भाषांतर दोन्ही आहे. आधी मराठी वाचावे, मग फारसीत शिरावे आणि अडेल तिथे पुन्हा मराठीचा हात धरावा. पत्रांच्या मायन्यांची भाषा ठराविक असल्याने थोड्याच दिवसांत निम्मी ओळ न अडता वाचता येऊ लागते, आणि तो दिवस पुढच्या कितीतरी दिवसांना पुरतो. कोशांपैकी स्टाइनगासचा 1892 चा फारसी-इंग्रजी कोश जवळ असावाच; पण कवी माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, यांनी केलेला 1925 चा फारसी-मराठी कोश मला अधिक जवळचा वाटतो, कारण मराठीत गेल्यावर शब्दाचे काय झाले हे तो जाता जाता सांगतो. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाचाही एक गमतीचा उपयोग आहे. दरबारातले यावनी शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत शब्द आणावेत म्हणून तो रचला गेला. तो उलट बाजूने वाचला तर त्या काळच्या कारभारी फारसीची आयती यादी हाती येते.

हुरूप टिकवण्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे थोडेच आहे. रोजची वेळ ठरलेली असावी आणि ती लहान असावी. आजारपण, घरचे कार्य किंवा कचेरीतली धावपळ यांमुळे खंड पडणारच. अशा वेळी मागे राहिलेले भरून काढण्याच्या नादी न लागता पूर्वी सोडवलेलाच उतारा पुन्हा वाचावा, म्हणजे आपण रिकाम्या हाताने परतलो नाही हे लगेच कळते. एकलकोंडेपणा मात्र खरोखर जाचतो. पुण्यात शिकायला येणाऱ्या इराणी विद्यार्थ्यांशी ओळख झाली तर ती जपावी. लिखित फारसीत बोलणारा मनुष्य त्यांना पुस्तकी वाटतो, पण ते हसून सांभाळून घेतात. काम करणाऱ्याला ‘खस्ते नबाशीद’, म्हणजे थकू नका, असे म्हणण्याची त्यांची रीत मला फार आवडते. इराणी हॉटेलच्या गल्ल्यावर जाऊन फारसी झाडण्याचा बेत मात्र जरा जपून करावा. यझ्द-केरमानकडून आलेल्या त्या झरथुष्ट्री घराण्यांची घरातली बोली प्रमाण फारसीहून निराळी आहे आणि नव्या पिढीत बहुधा गुजरातीच चालते.

छापील मजकूर सहज वाचता येऊ लागला की ‘शिकस्ता’ या धावत्या लेखनशैलीकडे वळावे. दफ्तरांतले कितीतरी मूळ कागद तिच्यातच आहेत, नुक्ते गाळलेले आणि जोडू नयेत ती अक्षरेही जोडलेली. इथवर एकट्याने येता येते, पण शिकस्ता स्वतःच्या स्वतः शिकण्याच्या फंदात पडू नये. छापील प्रत आणि मूळ कागदाचे छायाचित्र शेजारी ठेवून काही दिवस झटापट करावी, न लागलेल्या जागा पेन्सिलीने खुणावून ठेवाव्यात आणि तो कागद घेऊन जाणकाराकडे जावे. नुसते ‘शिकवा’ म्हणणाऱ्यापेक्षा खुणा केलेला कागद घेऊन आलेल्या माणसाला ते अधिक वेळ देतात.