दसऱ्याआधी काय तयार हवं: मोठ्या सॉफ्टवेअरचं नियोजन

पुसद-वणीकडून बीसीए करून टीममध्ये आलेल्या बहुतेकांना वाटतं, वेळापत्रक कोड किती भराभर लिहिला जातो त्यावर ठरतं. खरं तर कोणतं काम कशासाठी अडून बसतं, त्यावर ते ठरतं.

समजा बाजार समितीसाठी कापूस खरेदीची प्रणाली करायची आहे. दसरा-दिवाळीला आवक सुरू झाली की तारीख हलवता येत नाही. म्हणून उन्हाळ्यातच समितीच्या वजनकाट्यावर जाऊन बसा. गाडीचं वजन दोनदा होतं, भरलेली आणि रिकामी, आणि मध्ये बराच वेळ जातो. तेवढ्यात वीज गेली तर अर्धवट पावती टिकली पाहिजे. कापसातल्या ओलाव्याचे नियमही असेच आधी समजून घ्या. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे १२ पर्यंत कपात, त्यावर माल परत. असले आकडे कोडात कोंबू नका, सेटिंगमध्ये ठेवा.

मग अंदाज. दोन दिवसांपेक्षा मोठं काम फोडा. जे फोडता येत नाही त्याला तीन आकडे लावा: लवकरात लवकर, बहुधा, उशिरात उशिरा. मधल्याची चौपट करून तिन्हींची बेरीज घ्या, तिला ६ ने भागा. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी निघालेली पर्ट पद्धत ती हीच. काट्याची जोडणी ४, ६, २० दिवस धरली तर उत्तर ८ येतं. पण ८ पेक्षा त्या २० ची चौकशी जास्त मोलाची. काट्याचा इंडिकेटर, म्हणजे वजन दाखवणारा डबा, सिरियल पोर्टमधून (संगणकाला तारेने जोडायची जागा) वजन पाठवतो, मात्र त्या आकड्यांची मांडणी कंपनीगणिक वेगळी, आणि तिचा कागद मिळवतानाच दिवस जातात. म्हणून हे काम पहिल्या आठवड्यात घ्या. स्क्रीन सगळ्यांना आवडतात, त्या नंतरही होतात.

उशीर दिसू लागला की साहेब माणसं वाढवतात. पण त्याने आपसातलं बोलणंच वाढतं: ५ जणांत बोलण्याच्या जोड्या १०, १० जणांत ४५. शिवाय नव्यांना शिकवायला जुनेच बसतात. त्यापेक्षा काम कापा. आलेख, एसएमएस, जिल्ह्याचा अहवाल पुढच्या टप्प्यात गेले तरी चालतं. काटापट्टी आणि शेतकऱ्याच्या खात्यातली रक्कम मात्र कापायची नाही.

हंगामाच्या तोंडावर एका काट्यावर दोन आठवडे वही आणि सॉफ्टवेअर सोबत चालवा. रोज संध्याकाळी बेरजा जुळवा, फरक किलोचा असला तरी लिहून ठेवा.