सब्लिमेशन इंक कशावर बसते, कशावर नाही
ही छपाईची इंक कापडावर थर देत नाही, साधारण १९० ते २०० डिग्रीला तिचा थेट वायू होतो आणि तो पॉलिस्टरच्या धाग्यात शिरून बसतो, म्हणून प्रिंट हाताला लागत नाही नि धुतली तरी सोलून निघत नाही. शुद्ध कॉटनवर करायच्या भानगडीत पडू नका, दोन धुण्यात रंग फिका पडतो. कॉफीचा मग किंवा टाइल घ्यायची तर पॉलिमर कोटिंगवालीच घ्या. पांढरी इंक यात नसतेच, त्यामुळे कापड पांढरं किंवा फिकं हवं, काळ्यावर काहीच दिसत नाही. डिझाइन मिरर करून, म्हणजे आरशातल्यासारखं उलटं करून, सब्लिमेशन पेपरवर प्रिंट काढा (हे सगळेच एकदा तरी विसरतात!), तो पेपर टेपने कापडावर घट्ट चिकटवा, टीशर्टला हीट प्रेसमध्ये (गरम करून दाबणारं मशीन) ४५-६० सेकंद. कागदावर रंग मळकट दिसले तरी घाबरू नका, उष्णता लागली की खुलतात.